भट्टीत न गेलेला पाव

पाहणी समिती खाली कॉफी पीत होती आणि प्रयोगशाळेची भट्टी सांभाळणारे मोंजीकाका भट्टीसमोरून हलायला तयार नव्हते.

"डॉक्टरबाई, आज पाव घालू नका," ते म्हणाले. "पूड वेगळीच निघेल."

डॉक्टर रौदा यांनी घड्याळ पाहिलं. दीड वर्ष त्या स्फाक्स शहरातल्या बेकऱ्यांतून शिळे पाव गोळा करत होत्या. बंद भट्टीत त्यांचा कोळसा करायचा, त्याची पूड धातूच्या पट्टीला लावायची, पट्टी पाण्यात सोडून वीज द्यायची. हायड्रोजन भराभर सुटे. आज हे समितीच्या डोळ्यांदेखत जमलं, तर प्रयोगशाळा आणखी तीन वर्षं चालणार होती. नाहीतर महिनाअखेरीस कुलूप.

काकांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं. पाव ते बहिणीच्या मेंढ्यांना नेत. भट्टीत जाई तो खजुराच्या बियांचा भरडा. जळल्यावर सगळं काळंच.

"दीड वर्ष?" रौदा म्हणाल्या. "आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"अन्न आहे ते. पाव जाळायला हात धजेना, बाई. तुम्ही तरी कधी घातलात?"

रौदा यांना राग आला, चांगलाच आला. पण काकांचं खरं होतं. भट्टी भरायची वेळ झाली की त्यांना नेमकं बाहेर काहीतरी काम निघत असे.

समिती वर आली. रौदा यांनी खरं ते सांगून टाकलं. समितीचे प्रमुख बशीरसाहेब कडक म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पूड उत्तम आहे, पण अनुदानाच्या अर्जात पाव लिहिलाय, ते म्हणाले. तेव्हा पाव आणि बिया दोन्ही जाळा आणि तुलना दाखवा. शास्त्र म्हणजे शास्त्र.

काका भिंतीकडे बघू लागले. रौदा यांचा हात पुढे होईना. समितीतल्या दोघांना आपापल्या कागदांत वाचण्यासारखं बरंच काही सापडलं. शेवटी बशीरसाहेबांनी स्वतःच बाह्या सरसावल्या, पावाचा तुकडा उचलला आणि ते उघड्या भट्टीपुढे जाऊन उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले.

मग त्यांनी तो तुकडा ओठांना लावला, कपाळाला टेकवला, खिडकीच्या वरच्या फळीवर कुणाचा पाय लागणार नाही असा ठेवला आणि अर्जावर शेरा लिहिला: "तुलनेची आवश्यकता नाही. खजुराच्या बियांसाठी तीन वर्षं मंजूर. समितीचं एकमत."