डोक्यावर ठेवलेले हात

“पाळकसाहेब, आधी यांची चादर बदलू या का? एवढे सगळे आहात. दोघांनी धरलं तरी पुरे,” गवंड्याची बायको म्हणाली.

गवंड्याचं कमरेखालचं अंग गेलं होतं. पाठीला जखमा झालेल्या आणि चादर सकाळपासून ओली. हात द्यायला यायचा तो शेजारी घर सोडून गेला होता. तो जडशीळ देह एकटीनं उचलणं तिला शक्यच नव्हतं. म्हणून ती दर शुक्रवारी प्रार्थनेला येणाऱ्या चर्चच्या लोकांची वाट बघत होती. धुतलेली चादर खुर्चीवर, कोमट पाण्याची बादली पलंगाशी, सगळं तयार.

“आधी प्रार्थना, ताई,” पाळक म्हणाला. “पहिला मान प्रभूचा.”

चर्चच्या सेक्रेटरीणबाईंनी नाकाला रुमाल लावला आणि डोळे मिटले.

सगळ्यांनी गवंड्यावर हात ठेवले. डोक्यावर, खांद्यावर, छातीवर. त्याखाली कुणी शिवलं नाही. एकाचं संपलं की दुसरा सुरू. “या बंधूला उचलून धर, बापा,” पाळक रडवेल्या आवाजात म्हणाला. गवंडी डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होता. बादलीतलं पाणी गार पडलं.

“आमेन.”

“आता धरता का जरा?”

सोबत आलेल्या चर्चच्या गायकांतल्या एका धिप्पाड माणसानं बाह्या वर केल्या. त्याची बायको पुटपुटली, “अहो, शर्ट बघा. अजून दोन घरं व्हायचीत.” त्यानं बाह्या खाली घेतल्या.

“खालच्या मजल्यावर लोक खोळंबलेत, ताई,” पाळक म्हणाला. “पुढच्या शुक्रवारी नक्की.”

“तुमचा विश्वास फार मोठा आहे हो,” सेक्रेटरीणबाई म्हणाल्या.

“विश्वास राहू द्या, बाई. हात द्या.”

तोवर बाईंच्या चपला घालून झाल्या होत्या.

दार लागलं. तिनं पदर खोचला, नवऱ्याच्या काखेत हात घातले आणि दात आवळून ओढलं. तो हलला. मग नको तेवढा हलला. दोघं धाडकन फरशीवर आली.

“अहो! लागलं का कुठं?”

“मला खालचं काय कळतंय, डोंबल?” तो हसला. हसता हसता खोकला. “अगं, बघत काय बसलीस? पलंग रिकामा झालाय. बदल की चादर.”

तिनं बदलली. कोपरे ताणून गादीखाली खोचले, एक सुरकुती राहू दिली नाही. मग त्याच्याशेजारी फरशीवर येऊन बसली.

खालच्या मजल्यावर गाणं सुरू झालं. दोघं त्या पांढऱ्याशुभ्र पलंगाकडे बघत राहिली.