कुटुंबप्रमुख

‘पुरुषांची चप्पल, नऊ नंबर.’

मनोजने ती ओळ परत वाचली आणि मोबाइल टेबलावर उलटा ठेवला. त्याचाही नंबर नऊच होता. पण घरी नवी चप्पल आलेली नव्हती.

खर्च लिहायचं ते ॲप त्याच्याकडे बरेच दिवस होतं. गेल्या महिन्यात त्यात नव्या सोयी आल्या. बिलाचा फोटो काढला की आतली एकेक वस्तू आपोआप लिहिली जायची, दुकान कुठल्या गावातलं तेही दिसायचं, आणि नवरा-बायकोची खाती एकत्र जोडता यायची. गोदामात त्याच्यासोबत काम करणाऱ्या अम्मारने ती जोडून दिली होती.

“कुटुंबप्रमुख कोणाला टाकू?” अम्मारने विचारलं होतं.

“मलाच. दुसरं कोण असणार?”

मनोजची बायको रंजिता नारपोलीतल्या एका कारखान्यात शर्ट शिवायची. तिच्या पगाराचा हिशेब त्याने कधी मागितला नव्हता. नारपोलीतलंच राहतं घर तिच्या वडिलांनी तिच्या नावावर केलं होतं, तेही त्याला कधी खटकलं नव्हतं. गोदाम म्हटलं की रात्रपाळी आलीच. आठवड्यातून दोनतीन रात्री तो घरी नसायचा, तेव्हा ती कुरकुर न करता एकटी राहायची. अशा बाईवर संशय घ्यायचं कारणच नव्हतं.

आता तो तिची पानं मागे मागे सरकवत बसला. लोखंडी खाट. गादी. दाढीचा आरसा. एकच ताट, एकच पेला. आणि या सगळ्याच्या आधी, शेलारमधल्या एका खोलीचं डिपॉझिट.

“क्या हुआ मनोजभाई?” अम्मारने चहा पुढे केला.

“बायकोने खोली घेतलीय. मला न सांगता.”

अम्मारने स्क्रीनकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. “घरी जाऊन विचारा. शांतीने.”

संध्याकाळी मनोजने विचारलं, पण आडवळणाने. “काही नवीन घेतलंस काय?”

रंजिता भाकरी थापत होती. “घेतलं थोडं. लागणारच होतं.”

“कोणाला?”

“कळेल.” तिने भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाणी फिरवलं.

मनोज ताटातली भाकरी नुसती मोडत बसला. इतकी वर्षं जिच्या हातचं खाल्लं, ती आपल्यासमोर बसून दुसऱ्याच्या दाढीच्या आरशाचा विचार करत असेल, हे त्याला सहन होत नव्हतं. ती मात्र रोजच्यासारखी जेवली.

रविवारी दुपारी ती म्हणाली, “शेलारला जाऊन येते.” लपवलंदेखील नाही. ते त्याला जास्त लागलं. तिची रिक्षा सुटल्यावर त्याने दुसरी केली आणि मागोमाग निघाला.

शेलारमध्ये ती एका चाळीच्या टोकाच्या खोलीत शिरली. दार उघडंच होतं. मनोज मुठी आवळून उंबऱ्यावर उभा राहिला. खाटेवर नवी चादर, खाली चप्पल. रंजिता स्टुलावर चढून खिळ्याला आरसा अडकवत होती. दुसरं कोणी नव्हतं.

“या,” ती मागे न बघता म्हणाली. “बिलं मुद्दामच टाकत होते. तुमी बघाल म्हणून.”

“कुठाय तो?”

“कोण?”

“ज्याच्यासाठी हे सगळं मांडलंस तो. तुला काय कमी केलं मी, रंजिता?” त्याचा आवाज फाटला. डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं.

रंजिता खाली उतरली. पदराला हात पुसले.

“दुसरा कोणी न्हाय. ही खोली तुमची हाय. खाती जोडली तेव्हा तुमाला वाटलं, प्रमुखालाच सगळं दिसतं. मलापन तुमचं दिसतंय. दिघाशीचा किराणा. दिघाशीच्या शाळेची फी.”

मनोजने खिशातल्या मोबाइलवर हात ठेवला.

“जाऊन आले मी तिथं. पोरगा तुमच्यावरच गेलाय. आणि त्याची आई, चंद्रा, साधी बाई हाय हो. तिला वाटत होतं, माझ्याकडं असता त्या रात्री तुमची ड्युटी असते.”

बाहेर कुणाचा तरी यंत्रमाग धडधडत होता. मनोजने शर्ट सारखा केला.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “नारपोलीचं घर ठेव तुला. मी दिघाशीला जातो.”

रंजिताने खोलीची किल्ली खाटेवर ठेवली आणि चपला घातल्या.

“तिकडं नका जाऊ. हितलं अर्धं डिपॉझिट चंद्रानंच भरलंय.”