रविवारचं इंजेक्शन

मुलाने नर्सचं मनगट पिरगाळलं आणि तिला दाराच्या चौकटीवर आपटलं. तिची बॅग खाली पडली. आतल्या खोलीत म्हातारा गुरासारखा ओरडत होता. कॅन्सर हाडांत पसरला होता. कूस बदलली तरी किंकाळी.

"त्यांना हात लावायचा नाही," मुलगा म्हणाला. दुसऱ्या हातात त्याने बापाची जाडजूड काठी धरली होती.

रविवारची दुपार होती. जे बरे होणार नाहीत अशांच्या वेदना कमी करायला घरोघरी जाणाऱ्या पथकात ती नर्स होती. सुट्टीच्या दिवशी डॉक्टर फोनवर असायचे आणि फिरायला ही एकटी. दुखण्याला कसली आलीय सुट्टी? आज घरच्यांनी बोलावलंही नव्हतं. फोन केला होता वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने. "त्यांना काहीतरी द्या, नाहीतर आम्हाला तरी काहीतरी द्या," असं तो वैतागून म्हणाला होता.

नर्स घाबरली, पण तिला नवल वाटलं नाही. असले मुलगे तिने ढिगाने पाहिले होते. बापावर जीव आणि इंजेक्शनवर संशय. सुई टोचली की माणूस संपला, अशी त्यांची समजूत. अशांना काय सांगायचं ते तिला तोंडपाठ होतं.

"दादा, यानं जीव जात नाही हो. डॉक्टरांनीच लिहून दिलंय. शुक्रवारी दिलेलं औषध पोटात टिकत नसेल, म्हणून सुई द्यायची."

"पोटात गेलं तर टिकेल ना. मी मोरीत ओतलं ते."

"भीती वाटली असेल. सगळ्यांनाच वाटते." तिने आवाज आणखी मऊ केला. "पण माझ्यावर विश्वास ठेवा. त्यांचं फक्त दुखायचं थांबेल. शांत झोप लागेल त्यांना."

आजवर प्रत्येक घरात कामी आलेलं हे वाक्य इथे आगीत तेल ठरलं. काठी फिरली. कपाटाची काच खळकन फुटली. दुसरा फटका नर्सच्या खांद्यावर बसला आणि ती गुडघ्यांवर कोसळली.

"म्हणूनच नको!" तो ओरडला. "दुखू दे त्याला! झोप कसली देताय त्याला?"

नर्सचं पाठ केलेलं सगळं संपलं होतं. त्याने पुन्हा काठी उगारली. इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली त्याची आई धावत आली आणि नर्सच्या अंगावर आडवी पडली. काठी तोवर खाली आली होती. ती आईच्या दंडावर बसली.

मुलगा जागच्या जागी थिजला. काठी त्याच्या हातातून गळून पडली. आत म्हातारा ओरडतच होता.

"सिस्टर, जा तुम्ही आत," आई म्हणाली. "द्या त्यांना."

नर्स उठली. खांद्यातून कळा येत होत्या. तिने बॅग उचलली, मुलाच्या शेजारून आत गेली आणि औषध सिरिंजमध्ये भरून टोचलं. त्याने तिला अडवलं नाही. हळूहळू किंकाळ्यांचं कण्हणं झालं. मग कण्हणंही थांबलं आणि म्हातारा घोरू लागला.

ती बाहेर आली तेव्हा मुलगा काचांमध्येच आईजवळ बसला होता. तो ढसाढसा रडत होता. त्याला स्वतःचीच शिसारी आली होती.

"आई, खूप लागलं का गं?"

आईने दंड चोळला. मग ती त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाली,

"लागलं त्याचं काही नाही रे. पण काठी बसली ना, तेव्हा मला वाटलं, तुझे बाबा बरे होऊन उठले."