उजवा कान

"आधी माहा एक प्रश्न," नत्थूजी म्हणाले. "मंग तू इचार काय इचाराचं ते."

मयुराने मोबाइलवरचं रेकॉर्डिंग थांबवलं. ती कॅज्युअल्टीत नर्स होती आणि नोकरी सांभाळून एमएस्सी करत होती. तातडीच्या उपचारांसाठी आणलेली म्हातारी माणसं तिथे आल्यावर का गोंधळतात, हा तिच्या अभ्यासाचा विषय. त्यासाठीच ती आज हुडकेश्वरला नत्थूजींच्या घरी आली होती. नत्थूजींची बायको बायजाबाई गेल्या महिन्यात तिच्याच कॅज्युअल्टीत वारली. मयुरा तेव्हा ड्युटीवर होती. म्हणूनच नत्थूजींनी मुलाखतीला हो म्हटलं होतं.

"विचारा ना काका."

"मले तुमी बाहेर बसवलं. आत तिनं मले बोलावलं का?" ते थांबले. "माहं नाव नसंल घेतलं तिनं. 'आयकलं का' म्हणे मले."

मयुराने मान हलवली. "काहीच बोलल्या नाहीत. मी किती मोठ्यानं विचारलं, आजी, नाव सांगा, कुठे दुखते सांगा. नुसत्या माझ्या तोंडाकडे पाहात राहिल्या."

"तोंडाले मास्क होता तुह्या?"

"असतेच ना काका."

मयुराने रेकॉर्डिंग सुरू केलं.

"घरी पण आजी अशा हरवल्यासारखं करायच्या का?"

"बायजा? गल्लीतल्या साऱ्या पोरायचे वाढदिवस पाठ होते तिले. भुलक्कड तं मी. भाजी आणाले जाओ, अन् थैली घरीच. मंग दिवसभर बोलणे खा."

मयुरा थोडी हसली. नत्थूजी हसले नाहीत.

"त्या दिवशी खूप बेचैन होत्या," ती म्हणाली. "ऑक्सिजनचा मास्क ओढून राहिल्या होत्या. हात खाली ठेवला की पुन्हा वर. शेवटी हात बांधावे लागले."

"बांधले?"

"पट्टीनं, खाटेला. त्यांच्याच भल्यासाठी, काका. ऑक्सिजन निघाला असता तर..."

"मास्क ओढे, का इथं हात ने?"

नत्थूजींनी स्वतःच्या उजव्या कानाला हात लावला होता.

मयुरा त्या हाताकडे पाहात राहिली.

"तिथंच," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं, मास्कचा पट्टा काढून राहिल्या."

नत्थूजी उठले. कपाटातून त्यांनी रुमालाची एक पुरचुंडी आणली आणि तिच्यासमोर सोडली. आत मंगळसूत्र होतं, चार बांगड्या होत्या, आणि कानाची मशीन. कॅज्युअल्टीत पेशंटच्या अंगावरचं सगळं काढून नातेवाइकाच्या हाती देतात. त्या दिवशी मयुरानेच हे सगळं घाईघाईत दारात त्यांच्या हातात दिलं होतं. म्हणाली होती, काका, नीट सांभाळा, हरवलं तर आमच्यावर येते.

"दागिन्याच्या संगं हेही देल्लं तू. म्याही घेतलं. सेल वाया जाऊ नये म्हणून झाकण उघडून मशीन बंद केली. रोज रात्री करो तसंच."

"काका, आजींना ऐकू येत नव्हतं हे मला कोणीच..."

"म्या बी नाही सांगतलं. मले वाटलं, दवाखान्यात तं समजतेच."

मयुराने मोबाइल उचलला. रेकॉर्डिंग बंद केलं.

"तिच्या बोटानं ही मशीन कानात बसतच नव्हती," नत्थूजी म्हणाले. "सकाळी कानाले हात लावे अन् माह्याकडं पाहे. मंग मी चूल सोडून जाओ, अन् लावून देओ. इतके वर्स तसंच."

मयुराने खाली पाहिलं. मग हळूच म्हणाली, "हात बांधले, तेव्हा दाराकडे पाहात होत्या."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. नत्थूजींनी झाकण अंगठ्याने दाबून मशीन सुरू केली आणि मूठ मिटली. मुठीत मशीन बारीक शिटी मारू लागली.

"काका, बंद करा ना," मयुरा म्हणाली.

त्यांनी मूठ आणखी घट्ट केली. शिटी वाढली.