कोरडी फावडी

हिगाशी गल्लीचं गटार नगरपालिकेने काँक्रीट टाकून बुजवलं, त्याला बरीच वर्षं झाली. तरी दर रविवारी सकाळी सहाला घरटी एक माणूस फावडं घेऊन तिथे हजर. तासभर उभं राहायचं, एकमेकांना वाकून नमस्कार करायचे, सातूचा चहा प्यायचा आणि कोरडं फावडं खांद्यावर टाकून घरी यायचं.

आठवडाभर कारखान्यात राबून पिचलेल्या कुसाकाला फक्त रविवारची झोप हवी होती. "अहो, सभेत बोलू नका. मान डोलवा आणि घरी या," बायकोने बजावलं होतं. पण गल्लीच्या सभेत प्रमुख टोकुनागाआजोबांनी रिवाजाप्रमाणे "कुणाचं वेगळं मत?" असं विचारलं, आणि कुसाका उभा राहिला.

"आजोबा, गटारच नाही, तर आपण साफ काय करतो?"

दर रविवारी सर्वांत आधी पोचणाऱ्या मोरीवाकीबाई म्हणाल्या, "मी तर कधीची हेच म्हणतेय. मनातल्या मनात!"

"माझी तर कंबर गेली रे," आजोबांनी डोळे पुसले. "तुम्हालाच हौस, म्हणून येत होतो."

सफाई एकमताने बंद झाली.

"पण आपली रीत तुला ठाऊक आहे," आजोबा मायेने म्हणाले. "सुचवेल त्यानेच निस्तरायचं. सफाई बंद करायच्या समितीचा प्रमुख तूच."

"बैठक कधी?" कुसाकाने खाली बसत विचारलं.

 

"दर रविवारी सहाला, गटारापाशीच. फावडी आणायची की नाही, ते पहिल्या बैठकीत ठरवू."