जवळचा शब्द

पडद्यावर मांजर आलं आणि त्याच क्षणी हेडफोनमधून पेंटरांच्या कानात आवाज आला, "कुत्रा."

"कु... मा... कु..." पेंटर अडखळले. उभ्या बाजारपेठेच्या पाट्या रंगवलेला हा माणूस. मेंदूला झटका आला तेव्हापासून साध्यासाध्या वस्तूंची नावंही त्यांना दगा देत होती.

"मांजर हो, मांजर!" बायकोला राहवलं नाही.

"काकू, मधे बोलायचं नाही." बोलणं पुन्हा शिकवणाऱ्या मॅडम हसल्या. "कानात 'टेबल' आलं तर काका सावरतात. 'कुत्रा' आलं की घोटाळतात. जवळचा शब्दच वाट अडवतो. घरीसुद्धा त्यांचं त्यांना शोधू द्या."

बायकोने मान हलवली.

घरी मात्र उलटाच कारभार. कपाटावर त्यांच्या मुलाचा फोटो होता. संध्याकाळ झाली की पेंटर त्याच्याकडे बोट करायचे. "हा... हा..." ओठ जुळायचे, आता नाव येणार असं वाटायचं, तेवढ्यात ती घाईघाईने म्हणायची, "पुतण्या? भाचा? की जावई?"

झालं. पेंटरांची गाडी रुळावरून घसरायची. ते मान खाली घालायचे आणि ती स्वयंपाकघरात निघून जायची.

एकदा मॅडम घरी आल्या आणि हा प्रकार त्यांनी डोळ्यांनी पाहिला. त्या तडक तिच्यामागे आत गेल्या.

"काकू, इतकं समजावलं तरी तुम्ही... मुद्दाम करता का?"

"मुद्दामच." तिने नळ सोडला. बाहेर आवाज जायला नको. "हे दवाखान्यात बेशुद्ध होते ना, तेव्हा आमचा भिंगऱ्या गेला. गाडीवरून पडून. पाय घरात ठरायचा नाही म्हणून यांनीच ते नाव ठेवलं होतं. यांना कुणीच काही सांगितलेलं नाही. नाव सापडलं की हे त्याला हाक मारतील, मॅडम. मग ओ कुणी द्यायची?"

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे पुसत बाहेरच्या खोलीत गेल्या.

तिने तोंडावर पाणी मारलं. मॅडमना निदान दारापर्यंत सोडावं म्हणून ती निघाली, पण नळ बंद करायचा राहिलाच. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली आणि तिथेच थबकली.

पेंटर मॅडमचा हात धरून बसले होते. त्यांनी नळाच्या आवाजाचा कानोसा घेतला. मग फोटोकडे बोट केलं.

"भिंगऱ्या," ते म्हणाले. स्वच्छ, एका दमात.

मॅडम दचकल्या.

"गेला," पेंटर एकेक शब्द वेचत म्हणाले. "माहितीय. हिला... सांगू नको. मोडेल ती. मी... मुद्दाम चुकतो."