बायनाबाईचे चाळीस रुपये

“चाळीस. त्याच्या वर एक पैसा न्हाई,” शांतम्मा म्हणाल्या आणि वाद मिटल्यासारख्या पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.

दारात उभी असलेली बायनाबाई साठ मागत होती. पाळण्यातल्या साडेतीन महिन्यांच्या गिरिजाकडं तिनं एकदा पाहिलं, एकदा रस्त्याकडं. गिरिजाची आई महादेवी सासूकडं आणि तिच्याकडं आळीपाळीनं बघत होती. तिची बाळंतपणाची रजा उद्या संपत होती. शिवरुद्रनं, तिच्या नवऱ्यानं, आधीच बजावलं होतं, “लेकराकडं बघणारी बाई असंल तवर नोकरी. बाई गेली की राजीनामा.”

घरात धडधाकट आजी असताना बाई कशाला, असं सेलूत कुणीही विचारलं असतं. पण गल्लीत कुणी विचारत नव्हतं. महादेवीला मास्तरकीची ऑर्डर आली, त्याच दिवशी शांतम्मांनी चारचौघांत गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून सांगितलं होतं, “सून नोकरीला गेली तर तिच्या लेकराला मी हात लावणार न्हाई.” आणि शांतम्मांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

“आत्याबाई, देऊ की साठ. माझ्या पगारातून देते,” महादेवी हळूच म्हणाली.

“तुला भाव कळतो का? तू आत जा. मी बोलते तिच्याशी.”

महादेवी आत गेली. खरंच तिला भाव कळत नव्हता. गुरं राखायचा दर गावोगाव ठरलेला, कापसाचा भाव मोंढ्यात रोज फुटतो; पण लेकरू राखायचे किती द्यावेत, हे कुणाला विचारायचं? स्टेशनाजवळच्या डॉक्टरीणबाई साठ देत होत्या. बाहेर बराच वेळ कुजबुज चालली. मग बायनाबाई चाळीस रुपये आणि दिवाळीला एक लुगडं, एवढ्यावर कबूल झाली. सासूबाईंच्या जिभेपुढं मोंढ्यातले अडतेही नमायचे, त्यामुळे महादेवीला नवल वाटलं नाही.

ही ब्याऐंशी सालची गोष्ट. पुढं कितीतरी वर्षं ते दिवस आठवले की महादेवीचा ऊर भरून यायचा. नऊला वालूरची एस्टी. दारात बायनाबाईच्या कडेवर गिरिजा. कोपऱ्यावर वळेपर्यंत मागं बघत चालणं, आणि मग दिवसभर फळ्यावर बाराखडी लिहिताना घराकडं ओढ घेणारं मन. साडेपाचला परत यावं तर पोरगी त्याच दारात, त्याच कडेवर. तोंड धुतलेलं, काजळ घातलेलं, पोट भरलेलं. बायनाबाईच्या केसांत कापूस अडकलेला असायचा, तो महादेवी हसत काढून टाकायची. सेलूत कुणाच्या केसांत कापूस नसतो?

शांतम्मा तेव्हा ओट्यावर जपमाळ घेऊन बसलेल्या असायच्या. गिरिजा त्यांच्याकडं बघून दोन्ही हात पसरायची, झेपावायची. शांतम्मा तोंड फिरवायच्या.

“ने गं तिला आत. मला माळ ओढू दे.”

त्या वेळी महादेवीच्या काळजाला घरं पडायची. दगडालासुद्धा पाझर फुटतो म्हणतात. पोरगी पडली, तापली, पहिलं पाऊल टाकलं, पण ही बाई जागची हलली नाही. महादेवीनं सासूशी कधी भांडण केलं नाही. पण ते झेपावणारे हात ती विसरली नाही आणि सासूला तिनं माफही केलं नाही.

दुसऱ्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी बायनाबाईला ऐंशी देऊ केले. महादेवीची झोप उडाली. नोकरी टिकली होती ती एका बाईच्या होकारावर. सकाळी तिनं दारातच विषय काढला.

“बायनाबाई, मी पण ऐंशी देते. पण तुमी जाऊ नका.”

“नगं बाई. हाय तेच लय झालं.”

“अवो, पण कामाच्या मानानं...”

“नगं म्हणलं नव्हं?” बायनाबाईनं मान खाली घातली.

किती ही माया! शाळेतल्या बायकांना महादेवी अभिमानानं सांगायची, लेकराची ओढ पैशात मोजता येत नाही, बघायचं असेल तर आमची बायनाबाई बघा. त्या बायका मान डोलवायच्या आणि आपापल्या बायांच्या नावानं बोटं मोडायच्या.

गिरिजा बालवाडीत जायला लागली आणि बायनाबाईचं काम संपलं. महादेवी मात्र मास्तरीण राहिली, पुढं मुख्याध्यापिकाही झाली.

त्र्याण्णवच्या थंडीत शांतम्मा वारल्या. गिरिजा अकरा वर्षांची. ती आजीला बिलगून रडली, तिला कुणी आवरू शकलं नाही. महादेवीच्या डोळ्यांतून मात्र टिपूस आलं नाही. आणायचा प्रयत्न तिनं केला होता.

चौथ्या दिवशी बायनाबाई भेटायला आली. उंबऱ्याशीच तिनं गळा काढला. महादेवीनं तिला आत नेऊन बसवलं, पाणी दिलं. मग कपाटातून नवं लुगडं काढलं, त्यावर पाचशे रुपये ठेवले आणि तिच्या ओटीत घातले.

“हे तवाच द्यायला पायजे होतं. तुमी होत्या म्हणून माझी नोकरी ऱ्हायली. ज्यांनी सांभाळायचं त्यांनी कधी बोट लावलं न्हाई. माझ्या लेकीची खरी आजी तुमीच.”

बायनाबाईनं लुगडं ओटीतून उचलून खाली ठेवलं.

“आता म्हातारी गेली, आता बोलते,” ती डोळे पुसत म्हणाली. “तुमी कोपऱ्यावर वळल्या की ती माझ्या हातातून लेकरू वढून घ्यायची, दाराला कडी लावायची आन मला कापसाच्या जिनात कामाला धाडायची. तुमची एस्टी यायच्या टायमाला न्हाऊन-माखून लेकरू परत माझ्या कडंवर. बाई, तुमच्या गिरजीला मी कधी घासबी भरवला न्हाई. ते चाळीस रुपये मला गप ऱ्हायचे होते.”